वाक्य संपेपर्यंत

डोर्लीकरांचा फोन दिवेलागणीला यायचा, आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मॅडम, मी माझ्याच घराच्या पायरीवर बसून आहो."

तुमसरचे डोर्लीकर मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. बायको विमल, तिला विसरण्याचा आजार, कानामागे मणी बसवलेला. दिवसभर बाई ठणठणीत असायची. चहा करायची, नवऱ्याच्या मळक्या बनियनला नावं ठेवायची, शेजारणीशी कचऱ्यावरून भांडायची. ऊन उतरलं की मात्र घरात कोणी परका बाप्या शिरलाय असं तिला वाटायचं. मग झाडू घेऊन ती त्याला बाहेर काढायची आणि आतून कडी लावायची. पाऊण तासाने कडी निघायची ती जणू काही झालंच नाही अशी. "बाहेर काय करून राहिले? चहा कधीचा थंड झाला," असं वर डोर्लीकरांनाच ऐकून घ्यावं लागायचं.

मणी बसवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाने त्यांना समजावून पाहिलं. काका, आजार वाढतोय, मनाची तयारी ठेवा. त्यावर डोर्लीकर म्हणाले, "आजार घड्याळ पाहून वाढते का जी? रोज दिवा लावाच्या टायमाले वाढते, अन् स्वयंपाकाच्या टायमाले कमी होते?" मग तो फोन तांत्रिक विभागाकडे, म्हणजे ऋचा गभणेकडे वळला.

ऋचाने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. सर्व्हरवरच्या गर्दीचा आकडा हिरवा होता. अठ्ठावन्न टक्के.

"काका, सर्व्हर तर व्यवस्थित दिसतोय."

"तुमचा सर्व्हर घरात आहे ना मॅडम. बाहेर मी आहो."

तिला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. फोन ठेवल्यावर तिने सवयीने दुसरा फोन उचलला. त्यावर घर दिसायचं. मनीषनगरातला दिवाणखाना, दिवाणावर आई, आईच्या मांडीवर आठ महिन्यांची ओजू. आई ओजूसाठी दुपटं शिवत होती. जुन्या मऊ साड्यांचे थर, त्यावर बारीक धावदोरा. ओजूची मूठ आईच्या पदरात होती. सगळं ठीक होतं. तरी ऋचा बघत राहिली.

बघत राहायची तिला खोडच होती. ओजू झाल्यापासून ती रात्रीतून उठून तिच्या नाकाखाली बोट धरायची. चंद्रपूरहून शनिवारी येणारा तन्मय चिडायचा. "तू पोरीला झोपू देते कुठं? सारखी तपासून राहते!" पण ऋचाला ठाऊक होतं की झोपलेल्या जिवंत बाळाची छाती कधीच अगदी स्थिर नसते. कधी भरभर, कधी सावकाश, कधी मध्येच थांबून एक मोठा उसासा. ती अनियमितता बोटाला लागली की मगच तिला झोप यायची.

आईलाही तोच विसरण्याचा आजार होता. ओजूला तिच्याजवळ ठेवून कामावर यायचं धाडस ऋचाने केलं ते केवळ आईच्या कानामागच्या मण्याच्या भरवशावर.

मण्याचं शास्त्र ऋचा लोकांना सोपं करून सांगायची. आठवण मेंदूत एका जागी नसते. चेहरा एकीकडे, आवाज दुसरीकडे, अंगाचा वास तिसरीकडे. मेंदूच्या पोटात बोटाएवढा एक भाग असतो, त्याच्याकडे फक्त पत्ते असतात, कोणती आठवण कुठे कुठे पसरली आहे त्याचे. या आजारात आधी पत्ते पुसले जातात. घर जागेवर असतं, आत माणसंही असतात, पण जायचं कसं ते कळत नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढा मणी कानामागच्या हाडात बसवला की पहिलं वर्षभर तो उरलेसुरले पत्ते शिकून सर्व्हरकडे पाठवतो. पुढे समोर एखादा चेहरा आला की मणी सर्व्हरला विचारतो, हा कोण? पत्ता आला की त्या जागी विजेचा हलकासा स्पर्श करतो, आणि नाव ओठावर येतं.

पत्ते मण्यातच का ठेवत नाहीत, असं सगळेच विचारत. कारण पत्ते सरकतात. मेंदू रोज थोडा थोडा बदलतो, कालची आठवण आज दोन घरं पुढे गेलेली असते. हे सरकणं रोज नव्याने मोजायचं गणित इतकं मोठं असतं की ते कवटीत केलं तर कवटी तापेल. म्हणून ते बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या या गार इमारतीत होतं. प्रत्येक प्रश्नाला इथपर्यंत यायला एक लाइन लागायची. पापणी लवते तेवढ्या वेळात प्रश्न यायचा, उत्तर जायचं, लाइन मोकळी होऊन दुसऱ्याला मिळायची. त्यामुळे लाखो मण्यांना काही हजार लाइनी पुरत. त्याहून जास्त सर्व्हर घेत नसे. मर्यादा भरली की नव्याला सरळ नकार. सगळ्यांनाच आत घेतलं तर उत्तराला दोन-तीन सेकंद लागले असते, आणि नवऱ्याला चोर समजायला तेवढे सेकंद भरपूर होतात.

मर्यादेवर नजर ठेवायला पहारेकरी होता. तो एक लहानसा प्रोग्राम. दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरकडे जायचा, किती लाइनी अडकल्यात ते मोजायचा, आकडा पडद्यावर लिहायचा. नव्वदच्या वर गेला तर अलार्म. गेले कित्येक महिने अलार्म वाजलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋचाने महिन्याभराचा आलेख काढला. वरवर पाहता काही नव्हतं. तिने संध्याकाळचा तुकडा मोठा केला, आणखी मोठा केला.

रेघ सरळ होती. दिवसभर ती चढायची, उतरायची, थरथरायची. दिवेलागणीला मात्र पट्टीने ओढल्यासारखी सपाट. दशांशापुढचा आकडासुद्धा हलत नव्हता. पाऊण तासाने पुन्हा थरथर सुरू. रोज तसंच.

जिवंत गोष्ट इतकी स्थिर नसते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी ती स्वतःच सर्व्हरवर शिरायला गेली. पहिल्या खेपेला नकार. दुसऱ्या खेपेला नकार. जागा नाही, असं सर्व्हर म्हणत होता, आणि शेजारच्या पडद्यावर पहारेकरी हिरव्या अक्षरांत सांगत होता, अठ्ठावन्न टक्के, सारं ठीक. त्याच वेळी डोर्लीकरांचा फोन वाजू लागला. तिने उचलला नाही. काय सांगणार होती?

*

"सर, पहारेकरी आंधळा झालाय," तिने रहांगडाले सरांना सांगितलं.

रहांगडाले तिचे वरिष्ठ. मूळ गोंदियाकडचे, जाड भिंगाचा चष्मा, डब्यात रोज भाताचं काहीतरी. ते भाताचा घास तसाच हातात धरून ऐकत राहिले.

"मोजायला आत जावं लागतं ना सर? त्यालाही एक लाइन लागते. जागा भरली की त्यालाही नकार मिळतो. मग तो गुपचूप जुनाच आकडा पुन्हा लिहितो. पण त्याच्यासाठी राखीव लाइन असते की. दोन असतात, एक पहारेकऱ्याची, एक दुरुस्तीवाल्याची. कितीही गर्दी झाली तरी त्या दोघांना आत जाता यावं म्हणून. त्या कुठं गेल्या?"

सरांनी घास डब्यात परत ठेवला.

"स्टाफ कोटा," ते म्हणाले.

ऋचाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ती नोकरीला लागली तेव्हा सर म्हणाले होते, तुझ्या आईचं टेन्शन घेऊ नको, आपल्या स्टाफच्या घरच्यांचं आपण पाहून घेतो. तिला वाटलं होतं, डॉक्टरची लवकर भेट वगैरे असेल. जगात सगळीकडे असतोच असा कोटा, गॅसचा, रेल्वेचा, शाळेचा. तिने मनापासून आभार मानले होते. पेढेही दिले होते.

"दुरुस्तीवाल्याची माझ्या वडिलांना दिली," सर सांगू लागले. "तू नवीन आली, पोटुशी होती. म्हटलं, हिची आई उद्या लेकरू सांभाळणार, हिची लाइन तुटली तर? म्हणून पहारेकऱ्याची तिला दिली. पहारेकऱ्याले काय करायची स्पेशल लाइन? जाईल तोही साध्या लाइनीतून. तेव्हा कुठं गर्दी होती?"

"आणि जुना आकडा?"

सर भिंतीकडे पाहत म्हणाले, "तू बाळंतपणात घरून काम करायची. त्याले एखाद वेळी आत जायला नाही मिळालं तरी अलार्म वाजायचा. तुझं लेकरू दचकून उठते म्हणून तूच सांगत होती. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्याले कायले वाजवतो बावा, मागचाच आकडा दाखव. ओजूसाठी केलं मी ते. माणूस चांगल्यासाठीच करतो ना?"

ऋचाला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही.

"पण गर्दी का होतेय सर? लाइन पापणी लवेपर्यंत मोकळी व्हायला पाहिजे."

ते त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नसताना दोघांनी मिळून पाहिलं. कोण काय आठवतंय हे दिसत नसे, तसा कायदाच होता. किती वेळ आठवतंय तेवढं दिसे. आणि दिसलं ते असं, की लाइनी सुटत नव्हत्या. माणसं प्रश्न विचारून उत्तर घेत होती आणि लाइन सोडतच नव्हती. पाच मिनिटं, वीस मिनिटं. दिवस कलला की अशांची संख्या वाढत जाई. या आजारात संध्याकाळची वेळ वाईटच. सावल्या लांबल्या की म्हाताऱ्या माणसांना भीती वाटते. ती काहीतरी धरून बसत होती.

सगळ्यात वर राखीव लाइन होती. पहारेकऱ्याची. दिवस असो की रात्र, ती एकदाही सुटली नव्हती.

*

ऋचाची आई कुंदा. ऐन विशीत ती आर्वीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती, ट्रंक कॉल हाताने जोडायचे तेव्हाची गोष्ट. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" मागे गावंच्या गावं ताटकळत असायची. पण आईचा एक नियम होता, जो खात्याने केलेला नव्हता. अर्ध्या वाक्यात कोणाला तोडायचं नाही. "वाक्य संपू द्यायचं गं," ती ऋचाला सांगायची. "माणूस एकवेळ फोन कापल्याचं विसरतो. अर्धवट राहिलेलं नाही विसरत." एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, मुलींना टेबलांवर बसवलं, तरी तिचा आवाज तोच राहिला, ऐकणाऱ्याला धीर देणारा.

ऋचा घरी आली तेव्हा आई दुपट्याचा काठ दुमडत होती. ओजू शेजारी पालथी पडून दिवाणाच्या चादरीवरचं फूल खायचा प्रयत्न करत होती.

"आई, तू दिवसभर काय आठवत असतेस गं?"

"काऊन?"

"सांग ना."

आईने सुई काठात खोचून ठेवली. "हिला."

"ओजूला?"

"सोडलं की जाते ती," आई म्हणाली. "मागं एकदा गेली होती. तू ऑफिसात होती. मी मेथी निवडत होती, अन् पाळण्यात कोणी रडलं. जाऊन पाहते तर लेकरू. म्हटलं, कोणाचं हे? कोण ठेवून गेलं? दार उघडून बाहेर पाहिलं, जिन्यात कोणी आहे का. मग आलं ध्यानात. तेव्हापासून नाही सोडत. जेवताना नाही, अंघोळ करताना नाही, झोपेतही नाही. आतल्या आत ओजू, ओजू, ओजू." तिने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. "बोर्डात दोरी खुपसून ठेवावी तशी."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पोरगी दिली असती माझ्याजवळ?"

शास्त्र ऋचाला पाठ होतं. जुन्या आठवणींना मेंदूत मुळं असतात, पत्ता हरवला तरी पुन्हा सापडतो. आजारानंतरच्या आठवणींना मुळं फुटत नाहीत. त्या फक्त सर्व्हरवर असतात आणि लाइन धरून ठेवली तोवरच टिकतात. सोडली की मेंदू सरकतो, आणि मग त्या पत्त्यावर कोणीच नसतं. कोणाच्या सुना, कोणाचे जावई, कोणाचं नवं घर, कोणाची नातवंडं. हजारो म्हातारी माणसं संध्याकाळी अशीच एकेक नाव मुठीत आवळून बसली होती, आणि ज्यांना नुसता नवरा ओळखायचा होता त्यांना लाइन मिळत नव्हती.

दोन दिवस तिने ते तसंच चालू दिलं. नवीन यंत्रं यायला सहा महिने होते. काहीतरी मार्ग निघेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. लाइनी थोड्या वाढवून पाहिल्या, तर उत्तरं रेंगाळू लागली आणि तक्रारी दुप्पट झाल्या. पुन्हा कमी केल्या.

तिसऱ्या दिवशी डोर्लीकरांचा फोन सकाळीच आला. पायरीचं वाक्य नव्हतं.

"मॅडम, काल तिनं कडी नाही लावली. स्वतःच पळाली. मागच्या दारानं, अनवाणी. 'घरात चोर आहे, चोर आहे' म्हणत. चोर म्हणजे मीच." नाक ओढल्याचा आवाज आला. "भंडारा रोडवर ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. खुबा मोडला. आता दवाखान्यात माझा हात सोडत नाही. कुठं गेले होते तुम्ही, म्हणते. मी पाठीमागंच धावत होतो ना, मॅडम. ती मला पाहूनच आणखी जोरात पळत होती."

ऋचाने फोन ठेवला आणि सरळ सरांच्या टेबलाशी गेली.

"दोन्ही राखीव लाइनी परत करायच्या. आणि कोणीही तीन मिनिटांपेक्षा जास्त लाइन धरली की ती मोकळी करायची. आपोआप. सगळ्यांची."

"तीनच काऊन?"

"आई तीन मिनिटं द्यायची."

सरांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते एकदम म्हातारे दिसले. "माझा बाप मला ओळखतो अजून. सकाळी उठला की रहांगडाले मास्तरचा पोरगा म्हणून हाक मारतो, पण ओळखतो. माझ्या लग्नानंतरचं सगळं त्या लाइनीवर आहे. माझी लेकरं..." त्यांनी की-बोर्ड तिच्याकडे सरकवला. "माझ्या हातानं नाही होत. तू कर."

तिने केलं. सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, बाहेर काही नसताना.

मग नियम लिहायला बसली. तीन मिनिटांचा. त्यात एक जागा होती, कोणाला वगळायचं असेल तर ती नावं घालायची. तिथे फक्त एक नाव लिहायचं. कोणाला कळणार होतं? एका नावाने सर्व्हर भरत नाही. तिने 'कुं' टाइप केलं. कितीतरी वेळ ते एक अक्षर पडद्यावर होतं. स्टाफ कोटा असाच सुरू झाला होता, एका नावाने, चांगल्यासाठी. तिने ते पुसलं.

"तुझ्या आईची?" सरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"घरी जाऊन करते."

*

ऊन अजून भिंतीवर होतं. स्वयंपाकाच्या बाई कणीक मळून गेल्या होत्या. ऋचाने लॅपटॉप दिवाणावर ठेवला आणि आईसमोर बसली. जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. विमलबाईंचंही.

आईने सगळं ऐकून घेतलं. "मागं किती लोक ताटकळले आहेत?"

"खूप, आई."

"माझ्या एकटीपायी?"

"एकटीपायी नाही. पण तुझी लाइन पहारेकऱ्याची आहे. ती नसली तर बाकीच्यांचं कळतच नाही."

आई मान हलवत राहिली. ऋचाला वाटलं, समजलं तिला, ती जुनी आईच आहे, बोर्डापुढे बसलेली. आणि मग आईचा चेहरा एखाद्या लहान पोरीसारखा वाकडा झाला. तिने ओजूला उचलून छातीशी धरलं.

"नाही देणार मी."

"आई..."

"माझी आहे ती. सहा महिने मी धरून ठेवली तिला. तुला काय माहीत किती दुखते ते?" मग आवाज एकदम खाली आला. ऋचाने तो आवाज कधी ऐकला नव्हता. आर्वीच्या एक्स्चेंजमध्ये आईने मात्र तो रोज ऐकला असेल, दोरीच्या पलीकडून. "एक मिनिट वाढव ना बाई. एकच मिनिट. बोलून घेऊ दे."

"बोल," ऋचा म्हणाली. "वाक्य संपू दे. मी थांबते."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग ओजूकडे वळली आणि बोलायला लागली.

"ओजूबाई, माझ्या बोर्डाला भोकंच भोकं होती, आणि प्रत्येक भोकात एक गाव होतं, आणि कोणी म्हटलं पुलगाव की मी पुलगावात दोरी खुपसायची, आणि थंडीत दोऱ्या कडक व्हायच्या म्हणून मी त्या मांडीवर घेऊन ऊबवायची, आणि तुझी आई पोटात होती तेव्हाही तिला मी सगळी गावं म्हणून दाखवायची, आणि तू झाली तेव्हा तुझे कान आधी पाहिले मी, आणि ते माझ्यासारखेच होते, आणि तू पहिल्यांदा हसली ती पंख्याकडे पाहून हसली, माझ्याकडे नाही, आणि मला राग आला होता, आणि..."

ती पूर्णविराम येऊच देत नव्हती. ऋचाचं बोट लॅपटॉपच्या कळीवर होतं. ऊन भिंतीवरून उतरत खाली आलं. आईचा श्वास तोकडा पडायला लागला, तरी प्रत्येक श्वासाच्या टोकाला ती एक आणि लावत होती, आणि पाय, आणि जावळ, आणि ताप आला होता ती रात्र. कुठेतरी तुमसरसारख्याच एखाद्या गावात कोणी तरी आत्ता पायरीकडे बघत असेल. ऋचाने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर आईला ते घाई करण्यासारखं वाटलं असतं.

ओजू झोपली. तिचं तोंड उघडं राहिलं, लाळेचा एक थेंब आईच्या ब्लाउजवर पडला.

"...आणि तू झोपली," आई म्हणाली.

ती थांबली. ऋचाकडे पाहिलं आणि ओठ मिटून मान हलवली, पलीकडचं बोलणं संपलं की हलवत असेल तशी.

ऋचाने कळ दाबली.

काही आवाज झाला नाही. आईच्या पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या. तिने खोलीभर नजर फिरवली. पंखा, कॅलेंडर, दार. मग ऋचा. साधी लाइन लगेच मिळाली असावी, कारण चेहरा उजळला.

"ऋचू! केव्हा आली? चहा टाकू का?"

आणि उठायला गेली तेव्हा मांडीवरचं वजन तिला जाणवलं. तिने खाली पाहिलं.

"हे कोणाचं गं लेकरू?"

लॅपटॉपवर पहारेकऱ्याचा आकडा पहिल्यांदाच संध्याकाळी हलत होता. एकाहत्तर. अडुसष्ट. बहात्तर. पाळण्यातल्या श्वासासारखा.

"माझं, आई."

"चल, थट्टा करते!" आई हसली. मग ऋचाचा चेहरा पाहून हसू आवरलं. काहीतरी चुकलं हे तिला कळलं, काय ते कळेना. तिने खूप जपून, दोन्ही हातांनी, बाळ पुढे केलं. "धर बाई नीट. लोकाचं लेकरू, पडायला नको."

ऋचाने ओजूला घेतलं. उद्यापासून पाळणाघर. तिने नकळत बोट बाळाच्या नाकाखाली धरलं.

दुपटं आईच्या मांडीवर राहिलं होतं. आईने ते उचललं, बोटाने धावदोऱ्यावरून चाचपत गेली, उलट करून मागची बाजू पाहिली, आणि काठात खोचलेल्या सुईपाशी थांबली.

"कोणी शिवलं गं? हात चांगला आहे हो बाईचा."

"ओळखीतल्या एक आहेत."

"हा काठ तेवढा राहिला आहे," आई म्हणाली, आणि दुपट्याची नीट घडी घालून तिने ते ऋचाच्या हातात दिलं. "सांग त्यांना. एवढ्यासाठी अर्धवट ठेवू नका म्हणा."

"सांगते," ऋचा म्हणाली.